कॅमेऱ्याआधी कार्ड बघा

आमच्या चिपळूणच्या फोटो स्टुडिओत कुणी कॅमेऱ्याचा सल्ला विचारायला आलं, की आधीच्या पिढीतले आमचे अण्णा कंपनीचं नाव आधी कधीच सांगत नसत. "त्याचा रोल गावात मिळतो का, ते बघा," एवढंच म्हणत. समोरचा माणूस निकॉन की कॅनन या वादात रमलेला असे, आणि अण्णा मात्र रोलवर अडून बसलेले. आज माझ्याकडे कुणी डिजिटल कॅमेऱ्याबद्दल विचारायला आलं, तर मी तेच विचारतो. रोलच्या जागी कार्ड म्हणतो इतकंच. या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि तो आमच्या धंद्याबाहेर फारसा कुणी सांगत नाही.

१९३४ साली कोडॅकने रेटिना या कॅमेऱ्यासोबत ३५ मिलिमीटर फिल्मची तयार डबी बाजारात आणली. ती डबी लायकातही बसे आणि कॉन्टॅक्समध्येही. पुढे फुजी, कोनिका, आग्फा, ऑरवो, सगळ्यांनी त्याच मापाच्या डब्या केल्या. आपल्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा उटीचा 'इंदू' रोलही त्यातलाच. कॅमेरा कुणाचाही असो, रोल कुणाचाही घाला. छत्तीस फोटो काढा, धुवायला टाका. अण्णांच्या पिढीला ही गोष्ट इतकी सवयीची झाली होती, की तिच्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलंच नाही.

पण वेगळी खाच पाडून गिऱ्हाईक बांधून ठेवायचा मोह फिल्मच्या काळातही होताच, आणि तो कोडॅकलाच सगळ्यात जास्त. १९६३ मध्ये इन्स्टामॅटिकसाठी १२६ ची कार्ट्रिज आली, १९७२ मध्ये ११० ची, १९८२ मध्ये डिस्क. ११० आपल्याकडे हॉट शॉट कॅमेऱ्यामुळे घरोघरी पोचली. डिस्कचं निगेटिव्ह तर करंगळीच्या नखाएवढं. त्याची प्रिंट दाणेदार यायची, आणि १९८८ पर्यंत कोडॅकने डिस्कचे कॅमेरे करणं थांबवलंसुद्धा. प्रत्येक वेळी कंपनीची जाहिरात एकच: घालायला सोपं. ते खरंही होतं. पण ती कार्ट्रिज मिळेनाशी झाली की चांगला चालता कॅमेरा कपाटात जाई. साध्या डबीचे कॅमेरे मात्र आजही चालतात.

डिजिटल आलं तेव्हा हा सगळा अनुभव गाठीशी असायला हवा होता. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात फ्लॅश मेमरीचा शोध लावला. वीज बंद केली तरी लिहिलेलं टिकून राहणारी ही चिप. ती कॅमेऱ्यात घालायची तर तिला एक आकार द्यायला हवा, आणि त्या आकारावरूनच भांडण सुरू झालं. सॅनडिस्कने १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश काढलं. ते जाडजूड आणि दणकट होतं आणि चिप कशी वाचायची ते सांभाळणारा कंट्रोलर पोटात घेऊन फिरत होतं. वर्षभरात तोशिबाचं स्मार्टमीडिया आलं, ते नेमकं याच्या उलट.

स्मार्टमीडिया ज्यांनी हाताळलं नसेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. जाडी पाऊण मिलिमीटर, म्हणजे दोन बोटांत धरलं तर वाकेल की काय अशी भीती वाटावी. एका बाजूला सोनेरी पट्टा उघडा, त्यावर सहज बोट लागायचं. कार्डावरचे फोटो पुसले जाऊ नयेत म्हणून एक गोल चंदेरी स्टिकर यायचा. तो ठरलेल्या जागी चिकटवला की कार्डावर नवं काही लिहिता येत नसे, काढला की पुन्हा लिहिता येई. दुसऱ्यांदा तो धड चिकटत नसे. आणि खरी गोम आत होती: कार्डात कंट्रोलरच नव्हता. चिप कशी वाचायची ते सगळं कॅमेऱ्याने जाणायचं. त्यामुळे पुढे मोठ्या क्षमतेची कार्डं आली तेव्हा जुने कॅमेरे ती ओळखेनात. कुणी हौसेने कॉम्प्युटरवर फॉरमॅट मारला, तर तेच कार्ड कॅमेरा परत घेईलच याचीही खात्री नाही. १२८ एमबीवर स्मार्टमीडियाची गाडी थांबली.

ऑलिंपस आणि फुजीफिल्म हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. त्यांनी २००२ मध्ये नवं कार्ड काढलं, एक्सडी. पोस्टाच्या तिकिटाएवढं, देखणं. पण कंट्रोलर त्यातही नव्हता. आठ जीबीपर्यंत जाईल असं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात ते दोन जीबीच्या पुढे गेलं नाही. टाइप एम, टाइप एच असे पोटभेद झाले आणि जुन्या कॅमेऱ्यांना त्यातले काही चालेनात. ऑलिंपसच्या कॅमेऱ्यांत तर पॅनोरमाची सोय ऑलिंपसचंच एक्सडी कार्ड घातलं तरच चालू व्हायची. फुजीचं कार्ड घाला, तोच आकार, तीच खाच, पण ती सोय बंद. यामागे तंत्रातली काही अडचण होती असं मला कधी वाटलं नाही. ज्याने कॅमेऱ्याचे पूर्ण पैसे मोजले, त्याला त्याच कॅमेऱ्यातली एक सोय नाकारणं हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

सोनीची गोष्ट याहून मोठी. १९९८ च्या शरदात मेमरी स्टिक आली, च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट, चार आणि आठ एमबीची. कॅमेरा, वॉकमन, लॅपटॉप, पुढे आयबो नावाचा यंत्राचा कुत्रा, सगळ्यांत एकच पट्टी चालावी ही सोनीची कल्पना. आणि ती कल्पना म्हणून वाईट नव्हती. सगळ्या वस्तू सोनीच्याच घ्यायच्या, ही त्यातली अट होती. मूळ पट्टी १२८ एमबीवर अडली. मग एकाच पट्टीत १२८ चे दोन भाग घालून पाठीवर एक बारीक बटण दिलं: पहिला भाग भरला की पट्टी बाहेर काढा, नखाने बटण सरकवा, परत घाला. वरातीत घोड्यापुढे उभं राहून हे करून बघा! २००३ मध्ये मेमरी स्टिक प्रो आली. आकार तोच, नाव तेच, पण जुन्या सोनी कॅमेऱ्यांना ती वाचता येईना. शिवाय आखूड ड्युओ, आणि पुढे त्याहून बारीक एम-२. स्वतः सोनीलाही हे पुरेसं नाही हे कळत असावं, कारण २००३ च्या एफ-८२८ मध्ये त्यांनी मेमरी स्टिकच्या बरोबरीने कॉम्पॅक्टफ्लॅशचीही खाच दिली होती.

या सगळ्यात जिंकलं एसडी. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजे पॅनासोनिक, आणि तोशिबा या तिघांनी ते काढलं, आणि २००० च्या जानेवारीत संघटना करून इतरांना दार उघडलं. एसडी सर्वांत उत्तम होतं म्हणून जिंकलं असं मी म्हणणार नाही. त्याची कड सुटते, लॉकची बारीक पट्टी तुटते. ते जिंकलं कारण ते कुणालाही करता आलं. परवान्याची फी भरायची आणि कारखाना चालू करायचा. स्पर्धा झाली, भाव पडले. फुजीने २००७ च्या सुमारास कॅमेऱ्यांत एसडीचीही सोय द्यायला सुरुवात केली, ऑलिंपसने २००९ च्या ई-पी१ मध्ये एसडीच घेतलं, आणि २०१० च्या जानेवारीत सोनीनेही एसडी चालणारे कॅमेरे जाहीर केले.

मधल्या त्या दहा-बारा वर्षांची किंमत कुणी मोजली, हे मात्र माझ्या काउंटरवर दिसतं.

गुहागरकडच्या एक ताई वडिलांचा फोटो मोठा करून घ्यायला आल्या होत्या. वडील नुकतेच गेलेले. कॅमेरा केव्हाच बिघडून भंगारात गेला होता. कार्ड तेवढं कापसात गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवलेलं. एका कंपनीच्या बंद जातीचं, नाव सांगत नाही. त्याचा रीडर आमच्याकडे होता. कार्ड वाचलं गेलं, सगळे फोटो निघाले: भातलावणी, गौरीचे मुखवटे, अंगणात खुर्चीवर बसलेले वडील, चेहऱ्यावर छान उजेड. ताईंना रडू आलं. मग मी फाइल उघडून बघितली: ६४० बाय ४८०. कॅमेरा तीन मेगापिक्सेलचा होता, पण कार्ड सोबत आलेलं सोळा एमबीचं. मोठ्या आकारात दहा-बाराच फोटो बसत, आणि मोठं कार्ड त्या काळी एसडीपेक्षा बरंच महाग. म्हणून त्यांच्या भावाने कॅमेरा सगळ्यात लहान आकारावर लावून ठेवला होता, जास्त फोटो बसावेत म्हणून. बारा बाय पंधराची फ्रेम करायची तर इंचाला जेमतेम चाळीस ठिपके येतात. आम्हाला तीनशे लागतात. शेवटी पाच बाय सातची प्रिंट काढून मोठ्या पासपार्टूत बसवून दिली. वडील ओळखू येतात, डोळे दिसत नाहीत. लेन्स चांगली होती, सेन्सर चांगला होता, कंपनीही नामांकित होती. फोटो अडला तो कार्डाच्या भावावर.

म्हणून "कुठली कंपनी भरवशाची?" या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. कॅमेऱ्यावरच्या नावाखाली काय असतं ते २००५ च्या अखेरीस एकदा जगाला दिसलं. सोनीने केलेल्या काही सीसीडी सेन्सरची आतली जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटत होती. फोटो वेडेवाकडे यायचे किंवा पडदा काळा राहायचा. तेव्हा सूचना एकट्या सोनीने काढली नाही. कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिंपस, कोनिका मिनोल्टा, सगळ्यांना आपापल्या मॉडेलांच्या याद्या द्याव्या लागल्या, कारण सगळ्यांच्या पोटात तोच सेन्सर होता. दुरुस्ती फुकट झाली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण जी माणसं एका नावाची शपथ घेऊन दुसऱ्याला नावं ठेवत होती, त्यांनी ती यादी वाचायला हवी होती. उष्ण आणि दमट म्हणजे आमचं कोकणच की!

नावंही कायमची नसतात. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदा सोडला. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कॅमेरे बंद केले. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या पहिल्या दिवशी दुसऱ्या मालकाकडे गेला. फोटो तेवढे आपल्याकडे राहतात, आणि ते कशावर राहतात हे आपणच ठरवायचं.

वेगळी खाच पाडायचा तो मोह अजून संपलेला नाही. निकॉनने २०१८ मध्ये झेड-६ आणि झेड-७ काढले, तेव्हा त्यात एक्सक्यूडी कार्डाची एकच खाच होती, आणि त्याच वर्षी लेक्सारने एक्सक्यूडी करणं बंद केलं. लग्नाचं काम करणाऱ्याला दुसरं कार्ड लागतंच. एकाने दगा दिला तर नवरा-नवरीला पुन्हा माळा घालायला सांगता येत नाही. २०२० मधल्या दुसऱ्या आवृत्तीत निकॉनने एसडीची खाच जोडली. सोनीने त्याच वर्षी सीएफएक्स्प्रेस कार्डाचा लहान प्रकार, टाइप ए, आणला, पण त्याच खाचेत एसडीही बसेल अशी रचना केली. जुन्या सोनीला हे सुचलं नव्हतं. नव्या सोनीला सुचलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

नवा-जुना कुठलाही कॅमेरा घेताना कार्डाचं झाकण उघडून खाच बघा, आणि त्यात बसणारं कार्ड निदान तीन-चार कंपन्या करतात ना, हे दुकानदाराला विचारा. कार्ड ओळखीच्या दुकानातून, बिलासकट घ्या. नामांकित लेबल लावलेली खोटी कार्डं बाजारात भरपूर आहेत, ती बत्तीस जीबी दाखवतात आणि चार जीबीनंतरचे फोटो गिळतात. आणि घरात कुठे स्मार्टमीडिया, एक्सडी किंवा जुनी मेमरी स्टिक पडली असेल, तर याच महिन्यात ती जुन्या स्टुडिओत घेऊन जा. चिपमधला विद्युतभार वर्षानुवर्षे झिरपत जातो. निर्माते साधारण दहा वर्षांचाच भरवसा देतात, आणि ती दहा वर्षं केव्हाच उलटून गेली आहेत. रीडरही आता नव्याने फारसे बनत नाहीत. आमच्याकडचे अजून चालू आहेत.