निरोपाची वेळ



२०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेचें पाणी भंडारा शहरांत शिरलें, तो प्रसंग या जिल्ह्यांत कोणी विसरलेला नाहीं. नदीकांठचा माणूस पुराला जितका भितो, तितकाच उशिरां येणाऱ्या निरोपालाहि भितो. धरणाचे दरवाजे उघडल्याची वर्दी पाण्याच्या आधीं आली, तरच ती वर्दी. पाण्यामागून आली, तर तिचा उपयोग काय? शब्द तेच, मजकूर खरा. पण वेळ टळली कीं खरा निरोपहि खोट्याच्या पंक्तीस बसतो. आज मला यंत्रांच्या पोटांत बसविलेले लहान संगणक एकमेकांस जे निरोप धाडतात, त्यांविषयीं बोलावयाचें आहे. आणि ते निरोप वेळ चुकवूं लागले म्हणजे दोष कसा हुडकावा, हें सांगावयाचें आहे. पुराचें माप तासांचें, यांचें माप क्षणाच्याहि अंशाचें. पण न्याय एकच.

तुमसरकडच्या एखाद्या भातगिरणींत जाऊन पाहा. धान भरडून तांदूळ सडल्यावर त्यांतील काळे व डागी दाणे पूर्वीं सुपांत निवडीत; आतां तें काम रंग ओळखणारें यंत्र करतें. दाणे पन्हळींतून घसरत येतात, कॅमेरा त्यांस न्याहाळतो, आणि डागी दाणा तोटीसमोर येतांच हवेचा झोत त्याला बाजूस उडवितो. दाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर एका मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, तो ३ मिलिमीटर पुढें जातो. जवळजवळ अर्धा दाणा. हुकूम दोन मिलिसेकंद उशिरां पोचला कीं काळा दाणा सुटतो आणि मागचा पांढरा बळी जातो. येथें वेगापेक्षां वक्तशीरपणा मोठा. हुकूम नेहमींच पांच मिलिसेकंदांनीं पोचत असेल, तर तोटी तेवढी खालीं बसवितां येईल. पण तो कधीं एका आणि कधीं पांच मिलिसेकंदांनीं पोचूं लागला, तर तोटी बसवावी तरी कोठें?

वक्तशीर निरोपाची ही गरज या जिल्ह्याला नवी नाहीं. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० सालीं तुमसरापर्यंत आली. पुढें १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें ती ताब्यांत घेऊन तिचे अरुंद रूळ रुंद केले. रुळांच्या कडेनें तार चाले. एका स्थानकानें पुढच्या स्थानकास मार्ग मोकळा आहे काय, असें विचारावें आणि होकार आल्यावांचून गाडी सोडूं नये, हा एकेरी मार्गाचा धर्म होता. तार मुकी झाली कीं गाडी अडे. म्हणून दोष हुडकण्याचें शास्त्रहि तारेबरोबरच वाढलें. भारतीय तारखात्यांतील लुई श्वेंडलर यांनीं तारा कशा तपासाव्या यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें.

तें शास्त्र मोठें मनोहर आहे. तारेंतील वीज वाटेंत कोठें तरी जमिनींत गळत आहे असें समजा. दूरच्या टोकाला ती सदोष तार एका धड तारेशीं जोडावयाची, म्हणजे एक फेरा तयार होतो. अलीकडच्या टोकाला गॅल्व्हानोमीटरचा कांटा शून्यावर येईपर्यंत दोन बाजूंचा रोध जुळवावयाचा, आणि त्यांच्या प्रमाणावरून दोष किती मैलांवर आहे तें गणितानें काढावयाचें. खांबामागून खांब पालथे घालण्याची गरज नाहीं. तपासनीस तर्क करीत नसे. तो मोजीत असे.

तारेवर दोनच ठाणीं बोलत होतीं, तोंवर हें सोपें होतें. एकाच तारेवर शेकडों संगणक बोलूं लागले तेव्हां नवी रीत लागली. अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं २२ मे १९७३ रोजीं एका टिपणांत ती मांडली आणि तिला 'ईथरनेट' हें नांव दिलें. प्रकाश वाहून नेणारें सर्वव्यापी द्रव्य म्हणून एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ ज्या ईथरची कल्पना करीत, त्यावरून हें नांव आलें. पुढें १९८३ सालीं तिचें प्रमाण ठरलें. रीत अशी: तार शांत असेल तर बोलावें, दोघे एकदम बोलले तर दोघांनींहि थांबावें, आणि फांसा टाकल्याप्रमाणें निवडलेला काळ लोटल्यावर पुन्हां प्रयत्न करावा. सोळा प्रयत्न फसले तर निरोप टाकून द्यावा. कचेरीच्या कागदपत्रांना ही रीत पुरली. पण जेथें वेळेला किंमत, तेथें फांशावर भिस्त कोण ठेवील?

१९९० नंतरच्या दशकांत स्विच नांवाची पेटी सर्वत्र आली. तिनें प्रत्येक यंत्राला स्वतंत्र वाट दिली व टक्कर संपविली. पण टकरीच्या जागीं रांग आली. सेकंदाला १० कोटी बिट वाहणाऱ्या तारेवर सर्वांत मोठें पाकीट सुमारें १२३ मायक्रोसेकंद घेतें. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. अशीं दहा पाकिटें पुढें असलीं, तर तांतडीचा हुकूम मिलिसेकंदाहून अधिक खोळंबतो.

आणि पुष्कळदां दोष तारेंत नसतोच. पाकीट आलें कीं यंत्राचें जाळें-कार्ड मुख्य संगणकाला हांक मारतें. पण त्याचे श्रम वांचावे म्हणून तें चारसहा पाकिटें जमल्यावर एकदांच हांक मारतें. तार कांहीं काळ रिकामी राहिली, तर वीज वांचविण्यासाठीं २०१० सालीं ठरलेल्या पद्धतीप्रमाणें ती डुलकी घेते, आणि जागें होण्यांत वेळ जातो. कधीं एका टोकानें दोन्ही दिशांनीं एकदम बोलण्याची रीत धरलेली असते, आणि दुसऱ्यानें पाळीपाळीनें बोलण्याची. निरोप थोडे असतां कांहींच कळत नाहीं. गर्दी झाली कीं पाकिटें हरवूं लागतात आणि विनाकारण तार बदलली जाते.

मग करावें काय? तारखात्यानें केलें तेंच. वाटेचे भाग पाडावे. निरोप कार्यक्रमांतून निघाला केव्हां, कार्डानें तारेवर सोडला केव्हां, पलीकडच्या कार्डाला मिळाला केव्हां, आणि कार्यक्रमाच्या हातीं पडला केव्हां, या चार नाक्यांवर वेळ टिपावी. ज्या दोन नाक्यांमध्यें अंतर फुगतें, तेथेंच दोष. मात्र सरासरीवर विसंबूं नये. नदीची सरासरी खोली कमरेएवढी म्हणून कोणी डोहांत उतरत नाहीं. लाखांतील सर्वांत उशिराचा एक निरोप तोच पाहावा.

याचें उत्तम उदाहरण मंगळावर घडलें. ४ जुलै १९९७ रोजीं तेथें उतरलेलें 'पाथफाइंडर' यान मधूनमधून आपोआप पुन्हां सुरू होऊं लागलें. पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला, तेव्हां कारण सांपडलें. हवामान मोजणाऱ्या गौण कामाच्या हातीं सामाईक किल्ली होती. तिच्यासाठीं अति-महत्त्वाचें काम अडून बसे, आणि मधल्या दर्जाचीं कामें गौणास किल्ली सोडावयास अवसरच देत नसत. किल्ली हातीं असेपर्यंत गौणालाहि वरचा दर्जा द्यावा, एवढी दुरुस्ती पृथ्वीवरून धाडली आणि यान सुधारलें.

पुढें उपायहि रेल्वेसारखेच निघाले. सर्व यंत्रांचीं घड्याळें एका मेळांत आणण्याचें प्रमाण २००२ सालीं ठरलें. तांतडीच्या निरोपांस ठराविक क्षणीं मोकळी वाट देणारें, स्विचसाठींचें वेळापत्रक २०१५ सालीं. लिनक्सला वक्तशीर करण्याची सुमारें वीस वर्षांची खटपट २०२४ सालीं मूळ प्रणालींत सामावली.

साधनें बदललीं, दोष हुडकणाऱ्याचा स्वभाव मात्र बदलून चालणार नाहीं. निरोप पोचला कीं नाहीं, एवढेंच विचारणारा अर्धेंच काम करतो. तो कोणत्या नाक्यावर किती थांबला, हें मोजून सांगेल तोच खरा तपासनीस. आणि हें मोजणें गाडी अडण्याच्या, दाणा सुटण्याच्या किंवा पाणी चढण्याच्या आधीं झालें पाहिजे.