दहा वर्षांची अट कोणाला आणि एका महिन्याची कोणाला?

खासगी नोकरीतील निवृत्तिवेतनाचा एक नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो : दहा वर्षे नोकरी झाली पाहिजे. नियम खरा आहे, पण अर्धा. दहा वर्षांची ही अट कर्मचाऱ्याला स्वतःला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची आहे. नोकरीत असताना त्याचा मृत्यू झाला तर पत्नीला वा पतीला आणि मुलांना मिळणाऱ्या वेतनासाठी निधीत एका महिन्याची वर्गणी जमा झालेली असली तरी पुरते. कायमचे व पूर्ण अपंगत्व आले तरीही तेच. दोन-तीन वर्षे नोकरी झालेला घरातला कमावता माणूस गेल्यावर 'पीएफ मिळाला, पेन्शन काही बसत नाही' असे समजून कुटुंबाने कागदपत्रे आवरून ठेवली, तर दरमहाचा हक्क कायमचा मागे राहतो. म्हणूनच हे नियम नीट समजून घ्यायला हवेत.

ही योजना म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५. त्या वर्षीच्या १६ नोव्हेंबरपासून ती १९७१च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेच्या जागी आली. सरकारी कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे असून त्यांचा येथे संबंध नाही. पगारातून कापला जाणारा आपला हिस्सा संपूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जातो. निवृत्तिवेतनाचा पैसा येतो तो मालकाच्या हिश्श्यातून : पगाराच्या ८.३३ टक्के मालकाचे आणि १.१६ टक्के केंद्र सरकारचे. पगार म्हणजे येथे मूळ वेतन व महागाई भत्ता, आणि तोही एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा २००१ मध्ये ६,५०० रुपये होती. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५ हजार रुपये करण्यात आली. पगार लाखाचा असला तरी या मर्यादेच्या हिशेबाने निवृत्तिवेतन खात्यात महिन्याला साधारण १,२५० रुपयेच जमा होतात. (प्रत्यक्ष पगारावर वर्गणी भरून वाढीव निवृत्तिवेतन घेण्याचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालाने गाजला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

शहरी वाचकांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. १ सप्टेंबर २०१४ नंतर जे पहिल्यांदाच भविष्य निर्वाह निधीचे सभासद झाले आणि त्या वेळीच ज्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५ हजारांपेक्षा अधिक होते, ते या योजनेत येतच नाहीत. मालकाचा सर्व हिस्सा त्यांच्या भविष्य निर्वाह निधीत जमा होतो. पासबुकात निवृत्तिवेतनाचा रकाना शून्य दिसतो, तो याच कारणाने. शिल्लक मोठी दिसते म्हणून बरे वाटते, परंतु अशा कर्मचाऱ्याच्या पश्चात या योजनेतून घरच्यांना दरमहा काहीही मिळणार नाही. निधीतील शिल्लक आणि ठेव संलग्न विम्याची जास्तीत जास्त सात लाखांपर्यंतची एकरकमी भरपाई, एवढेच हाती येते. आयुर्विमा घेताना ही बाब हिशेबात धरलेली बरी. रकाना शून्य असूनही आपण या गटात बसत नसाल, तर मात्र कार्यालयात लगेच विचारणा करावी.

आता दहा वर्षांचा नियम. वयाची ५८ वर्षे आणि दहा वर्षांची सेवा झाली की निवृत्तिवेतन सुरू होते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने साडेनऊ वर्षेही चालतात. सूत्र सोपे आहे : शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७०ने भागायचे. मर्यादेइतक्या पगारावर दहा वर्षे भरली तर १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे २,१४३ रुपये. वीस वर्षे पूर्ण करणाऱ्यास दोन वर्षे वाढवून मिळतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीची सेवा असेल तर तिचा हिशेब जुन्या मर्यादेने वेगळा होतो, त्यामुळे वरील सूत्राने घरी काढलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा जुळत नाही. पन्नाशीनंतर नोकरी सोडून लवकर निवृत्तिवेतन घेता येते. मात्र ५८ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांची दरसाल चार टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन एक हजार रुपये ठरले. आजच्या महागाईत ही रक्कम तुटपुंजी आहे हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

दहा वर्षे भरण्याआधी नोकरी सुटली तर दोन वाटा असतात आणि दोन्हींचा अर्ज एकच, नमुना १०-क. एक तर पैसे काढून घ्यायचे, नाही तर योजना प्रमाणपत्र घ्यायचे. पैसे काढल्यास वर्षामागे साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळते, अर्थात मर्यादेतल्या पगाराच्या हिशेबाने. आठ वर्षांचे सुमारे सव्वा लाख रुपये होतात. रक्कम हाती येते, पण आठ वर्षांची सेवा पुसली जाते आणि नव्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. हीच आठ वर्षे प्रमाणपत्राने राखून पुढच्या नोकरीतील दोन वर्षे जोडली असती, तर ५८व्या वर्षापासून तहहयात निवृत्तिवेतन मिळाले असते आणि त्याच्या पश्चात त्यातील निम्मे पत्नीला. दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्यांचे नुकसान नेमके येथेच होते. दोन नोकऱ्यांमधला रिकामा काळ सेवेत धरला जात नाही, पण आधीची सेवाही त्यामुळे बुडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्यासाठी दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबण्याची अट घालण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. सेवा टिकवण्याच्या दृष्टीने त्या निर्णयात तथ्य आहे, असे आमचे मत आहे.

अपंगत्वाच्या वेतनाबाबत 'कायमचे आणि पूर्ण' हे शब्द वाचून अनेक जण अर्जच करत नाहीत. पूर्ण अपंगत्व म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस, असा समज होतो. नियमातली कसोटी तशी नाही. अपंगत्व आले त्या वेळी कर्मचारी जे काम करत होता, त्या कामासाठी तो कायमचा व पूर्णपणे अक्षम झाला आहे काय, हे वैद्यकीय मंडळ पाहते. यंत्रावर काम करणाऱ्याचा हात गेला तर तो बसून हिशेब लिहू शकेल की नाही, हा प्रश्न नाही. अपंगत्व नोकरीत असतानाच आलेले असावे आणि किमान एका महिन्याची वर्गणी भरलेली असावी. वेतन तहहयात मिळते.

कर्मचारी नोकरीत असताना मरण पावला तर त्याच्या पत्नीला (अथवा पतीला) तहहयात किंवा पुनर्विवाहापर्यंत वेतन मिळते. मृत्यूच्या दिवशी तो निवृत्त झाला असता तर जे मिळाले असते ते, किंवा पगारानुसार कोष्टकात दिलेली रक्कम, यांपैकी जी जास्त ती दिली जाते. सेवा कितीही अल्प असली तरी किमान एक हजार रुपये. शिवाय एका वेळी दोन मुलांना, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, प्रत्येकी विधवा वेतनाच्या २५ टक्के. मोठ्याचे बंद झाले की पुढच्याचे सुरू होते. आई-वडील दोघेही नसतील किंवा हयात पालकाने पुनर्विवाह केला असेल, तर मुलांना ७५ टक्के. कायम व पूर्ण अपंग असलेल्या मुलाला वयाची अट नाही आणि दोन मुलांची मर्यादाही नाही; त्याला जन्मभर मिळते. अशा मुलाचे नाव कुटुंबाच्या तपशिलात अपंगत्वाच्या नोंदीसह आहे ना, हे पालकांनी आपल्या हयातीतच पाहावे. कुटुंबच नसेल तर नामनिर्देशित व्यक्तीला आणि तसे नामनिर्देशनही नसेल तर अवलंबून असलेल्या वडिलांना, त्यांच्या पश्चात आईला वेतन मिळते.

एक सावधगिरी : एका महिन्याचा नियम मृत्यू नोकरीत असताना झाला तरच लागू होतो. नोकरी सोडल्यानंतर, ५८च्या आत मृत्यू झाला तर मासिक वेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते.

निवृत्ती, अपंगत्व व कुटुंब या तिन्ही वेतनांचा अर्ज नमुना १०-ड हाच आहे. पीएफच्या शिलकीचा नमुना २० आणि विम्याचा नमुना ५-आयएफ वेगळे असतात. मृत्यूच्या प्रकरणात तिन्ही दावे एकदमच करावेत. मृत्यूचा दाखला, मुलांच्या जन्मतारखांचे पुरावे आणि अर्जदाराचे बँक खाते एवढे तयार ठेवले की काम पुष्कळ सोपे होते. अर्जावर मालकाची सही लागते. कारखाना बंद पडला असेल, मालकाचा पत्ता नसेल, तर राजपत्रित अधिकारी, दंडाधिकारी किंवा बँकेचे व्यवस्थापक यांचे साक्षांकन चालते.