ट्राउट साहेबाचा, खडशी मात्र आपली

विलायतेत मार्च लागला की ट्राउट धरायचा हंगाम सुरू होतो. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावायची आणि थंड, वाहत्या पाण्यावर अलगद टाकायची. साहेब इकडे आला तो हा नाद घेऊनच. १९०० च्या सुमारास त्याने काश्मीरच्या नद्यांत ट्राउट आणून सोडला. दख्खनच्या कोमट नद्यांत तो जगणं शक्य नव्हतं. पण देशातल्या नद्यांत साहेबाला तोडीस तोड मासा सापडला: महसीर. हेन्री थॉमस या मद्रासकडच्या अधिकाऱ्याने १८७३ साली गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात महसीरला सालमनच्याही वर बसवलंय.

आता म्हणाल, याचा पिंपरी-चिंचवडशी काय संबंध? आहे, आणि चांगला जवळचा आहे.

कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ पासून काही वर्षं दख्खनभर मोजणी करत फिरला. इथल्या माशांची नोंद करताना त्याने लॅटिन नावांत चक्क इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द घातले. आपल्याकडच्या महसीरचं, म्हणजे खडशीचं, शास्त्रीय नाव 'टोर खुदरी' हे त्याचंच, १८३९ सालचं. तो नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला. म्हणजे आपल्या पवनेचं पाणी दापोडीला मुळेत मिसळून जिथे पुढे जातं, तीच नदी. शिंगटीसुद्धा शास्त्रात 'मिस्टस सींगटी' म्हणूनच आहे. जगभरचे अभ्यासक आजही हे शब्द वापरतात.

दुसरी गोष्ट देहू-आळंदीची. तिथल्या डोहातले मासे देवाचे, त्यांना कुणी गळ लावायचा नाही. कायदा नव्हता, सरकारी पाटी नव्हती, तरी इंद्रायणीत मोठाले महसीर टिकले ते या श्रद्धेमुळे.

तिसरी गोष्ट लोणावळ्याची. धरणं आणि मासेमारीमुळे महसीर कमी होतोय हे पाहून १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने वळवणला त्याची पैदास सुरू केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं हे काम. इथलं बीज देशभर गेलं, कावेरीतही गेलं. तिथे ते इतकं माजलं की कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महसीर आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. एका नदीचा मासा दुसरीत सोडणं म्हणजे पुण्यच असं नाही, हा धडा महागात पडला.

आणि आपल्याकडे? मी मोशीचा, चाकणला कामाला जातो. इंद्रायणीचा पूल रोजचा. फाल्गुनात पाऊस संपून पाच महिने होतात, नदीचा स्वतःचा प्रवाह आटतो आणि उरतं ते धरणातून सोडलेलं पाणी आणि आपलं सांडपाणी. महसीरला वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. श्रद्धा त्याला गळापासून वाचवू शकते, फेसापासून नाही. नेमकी त्याच महिन्यात, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीज येते. लाखो लोक देहूला येतात आणि हेच पाणी तीर्थ म्हणून घेतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नदीत मत्स्यबीज सोडतानाचे फोटो आले की टाळ्या वाजवायची घाई नको. बीजाची अडचण पन्नास वर्षांपूर्वीच सुटलीय, अडचण पाण्याची आहे. फाल्गुन ते ज्येष्ठ, देहू, मोशी आणि आळंदी इथल्या पाण्यात प्राणवायू किती, हा आकडा दर आठवड्याला घाटावर फळ्यावर लिहा, एवढंच आपल्या नगरसेवकाकडे मागा. सुशोभीकरणाचे दिवे नंतर लावता येतील.

ज्या माशाला आपल्या नदीकाठच्या बोलीने जगात नाव दिलं, तो आपल्याच नदीत जगतोय का, हे विचारायला कुणी साहेब येणार नाहीये. आपणच विचारायचंय.