२८ एप्रिल : जगज्जेत्याचा नकार आणि एक मुखपृष्ठ
व्हिएतनाम युद्धासाठी चाललेल्या लष्करभरतीच्या ह्यूस्टन येथील कचेरीत २८ एप्रिल १९६७ रोजी नावाचा वारंवार पुकारा होऊनही जगज्जेता मुष्टियोद्धा मुहम्मद अली याने पाऊल पुढे टाकले नाही, आणि त्या एका नकारापायी अजिंक्यपद, परवाना व ऐन उमेदीची साडेतीन वर्षे त्याला गमवावी लागली. एरवी उंची पोशाख आणि मद्यांच्या जाहिरातींवर पोसलेल्या ‘एस्क्वायर’ या पुरुषांच्या अमेरिकन मासिकाने एप्रिल १९६८ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर याच अलीला, बाणांनी विद्ध झालेल्या संत सेबॅस्टियनच्या रूपात, उभे केले. ख्रिस्ती हुतात्म्याचे सोंग मुसलमानाने घ्यावे काय, या शंकेने अली अडून बसला, तेव्हा कलासंयोजक जॉर्ज लोइस यांना त्याचे धर्मगुरू एलायजा मुहम्मद यांची मंजुरी दूरध्वनीवरून मिळवावी लागली. त्यातून बाण जड, अंगाला चिकटेनात, म्हणून ते बारीक तंतूंनी वरून टांगावे लागले! वर्णद्वेष आणि व्हिएतनामचे युद्ध या दोहोंचा असा निःशब्द निषेध त्या काळच्या भारदस्त अग्रलेखांनाही क्वचितच साधला असेल. भरतीला नकार दिल्याबद्दल अलीला झालेली शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून १९७१ रोजी रद्द केली.