वारशाची दुनळी

विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ आपल्या जिल्ह्यातून गेलेली आहे, हे परंड्याचा किल्ला पाहून आलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत ती ओतली गेली, पुढे परंड्याला आली आणि १६३२ मध्ये मुरार पंडिताने ती विजापूरला नेली. ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमीचे नाव तिच्या अंगावर कोरलेले आहे. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही आपला लेख तिच्यावर कोरून घेतला. कोणी केली, कोणाच्या राज्यात केली, नंतर कोणाच्या हाती गेली, सारा दाखला तोफेवरच आहे. तरीही १८५४ साली इंग्रजी अमलात निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला, तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची! पुढे तो व्यवहार रद्द झाला म्हणून तोफ वाचली.

हा लिलाव मला वारंवार आठवतो. मला उर्दू वाचता येते, त्यामुळे आसपासच्या गावांतले लोक निजामी अमदानीतले कागद घेऊन येतात. बहुतेक जमिनीचे, इनामाचे. क्वचित बंदुकीच्या परवान्याचे. वडील वारलेले असतात, बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा असते, आणि मुलांचा प्रश्न ठरलेला: ‘विकली तर किती येतील?’

त्याआधी ती कोणती, हे कळायला हवे. आपल्याकडे सापडते ती बहुधा बारा बोअरची दुनळी. बारा हा आकडा इंचाचा नाही. नळीच्या तोंडात बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घ्यावी. तशा बारा गोळ्यांचे वजन एक रत्तल भरले तर ती बारा बोअर. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर झोकदार अक्षरांत एखादे नाव असते आणि घरचे लोक तेच अभिमानाने सांगतात. त्या नावावर भाळू नये. ते पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचे असते. कलकत्त्याच्या मँटन, रोडा या पेढ्या बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून माल घेऊन आपल्या नावाने विकत. (२६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली, ती याच रोडा कंपनीची.) बेल्जियमच्या लीज शहरातूनही इंग्रजी वळणाची नावे घातलेल्या स्वस्त बंदुका जगभर जात.

खरी साक्ष नळ्यांच्या पोटाखाली असते. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून जाणकार दुकानदाराकडून नळ्या सोडवून घ्याव्यात आणि भिंग लावून पाहावे. बंदूक विक्रीला जाण्यापूर्वी सरकारमान्य चाचणीघरात जास्तीच्या दारूने तिची परीक्षा होई आणि ठसा मारला जाई. मुकुटाखाली बीपी, बीव्ही ही अक्षरे असली तर ती बर्मिंगहॅमची, १९०४ नंतरची. ‘नॉट फॉर बॉल’ असे असेल तर १८७५ ते १८८७ च्या दरम्यानची. लंबवर्तुळात ईएलजी असेल तर लीजची. ‘नॉट इंग्लिश मेक’ हा ठसा १९२५ पासूनचा. मुकुटाखाली एनपी असेल तर नळी बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्यांवरचे जौहर पाण्यावरच्या लाटांसारखे सुंदर दिसते. पण ती फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली असेल तर तिच्यात आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते.

नळीच्या आतले खड्डे, बाहेरचा पोचा, दस्त्याची चीर, मिटल्यावर सांध्यात होणारी हालचाल, यांनी भाव उतरतो. पण किंमत ठरते ती गिऱ्हाइकावरून, आणि गिऱ्हाईक परवान्यावरून. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, तेव्हाच दुनळीचे अर्धे काम गेले. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा राहिली. म्हणून पिस्तूल मोठ्या रकमेला जाते आणि त्याहून देखणी दुनळी पडून राहते. विकायची तर घेणाराही परवानाधारक हवा. जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. कागद नसेल तर पर्डीची बंदूकसुद्धा गुन्ह्याचा मुद्देमाल!

आपल्या जिल्ह्यात हा कागद वाचताना एक अडचण येते. त्यावर फसली साल असते. हैदराबादच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. त्या सालाशी आले की कागद पुष्कळदा थांबतात. रझाकारांच्या अत्याचारांनी होरपळलेल्या या मुलखात सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली आणि त्यानंतर मुसलमानांवर जे गुदरले, ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवले. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. मुसलमानांची हत्यारे काढून घेतली गेली, हिंदूंकडची मात्र पुष्कळ ठिकाणी राहू दिली, असेही समितीने म्हटले. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये.

त्यामुळे एखाद्या घरी दुनळी आहे आणि मधल्या सालांचा कागद नाही, असे दिसले की मी फार खोदून विचारत नाही. वारसांना एवढेच सांगतो, की परवान्याची, नूतनीकरणाची, जमा केल्याची प्रत्येक पावती जपा. भाव सांगणारा दुकानदार आधी तीच मागेल.

आमच्याकडे याच्या उलट आहे. बंदूक नाही, परवाना आहे. माझ्या आजोबांच्या नावचा, १३५२ फसलीचा, दुनळी बारा बोअर. १९४८ च्या त्या दिवसांत ती जमा केली असे आजी सांगायची. पावती मिळाली नाही. परवान्यावर बंदुकीचा क्रमांक शिकस्ता लिपीत लिहिलेला आहे. माझ्यासमोर कोणी नळ्या उलट्या केल्या की ठशांच्या आधी माझी नजर क्रमांकावर जाते. अजून जुळलेला नाही.