हिशेबाची रक्कम

अरबी बँकेच्या अर्जावर 'रक्म अल्-हिसाब' अशी एक चौकट असते. मराठी विद्यार्थी ती वाचतो, 'हिशेबाची रक्कम' असे मनाशी म्हणतो आणि पैशांचा आकडा भरायला निघतो. दोन्ही शब्द त्याच्या घरातले, आणि दोघे मिळून त्याला फसवतात. अरबीत 'रक्म' म्हणजे क्रमांक. तिथे खात्याचा नंबर लिहायचा असतो. पैशांच्या रकमेला अरबीत 'मब्लग' म्हणतात, आपल्या 'मुबलक'चा तो मूळपुरुष.

महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी आम्ही तिघेजण व्यापारी अरबीचे ऑनलाइन पाठ तयार करत आहोत. वर्गात मराठी, तेलुगू, उर्दू, मल्याळम अशा सगळ्या घरांतली मुले. पत्र, बीजक, बँकेचे अर्ज, करारनामा असा साधा अभ्यासक्रम. पण पाठ कोणत्या क्रमाने लावायचे, या वादातून मी इतिहासात शिरलो आणि अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

व्यापारी अरबी हा विषय तेलाच्या पैशाने जन्माला घातला, असे सर्रास समजले जाते. पाठ्यपुस्तकांपुरते ते बरोबर आहे. लेबनॉनमधल्या शेमलान गावी इंग्रजांची एक अरबी शाळा १९७८ पर्यंत चालली. मुत्सद्द्यांच्या शेजारी तेल कंपन्यांचे नोकरही तिथे धडे गिरवत. 'बिझनेस अरेबिक' या नावाचे राजी रम्मूनी यांचे पुस्तक मिशिगन विद्यापीठाने १९९४ मध्ये काढले. आमच्यासारखे लोक आजही त्याच वाटेने जातात. मात्र पाठ्यपुस्तक उशिरा आले म्हणून भाषा उशिरा आली असे होत नाही.

अल्-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, त्याच्या भाषेत 'सैमूर'ला. सीराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेली माणसे तिथे घरे करून राहिली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे दहाएक वर्षांतच, शके ८४८ मध्ये, चिंचणीचा ताम्रपट कोरला गेला. त्यात संयान मंडळाचा, म्हणजे संजाण परिसराचा, कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे असल्याचे म्हटले आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती म्हणजे मुहम्मद. संस्कृत लेखकाने नाव असे बेमालूम बसवून घेतले, याचे मला अजून कौतुक वाटते.

ही माणसे एकमेकांना काय लिहीत, हे कळायला कैरोच्या गनीझाकडे जावे लागते. तिथल्या एका सिनेगॉगच्या कोठीत शतकानुशतके साठलेल्या कागदांत भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे निघाली. भाषा अरबी, लिपी हिब्रू. एस. डी. गॉइटाइन यांनी त्यांवर आयुष्य घातले. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला अब्राहम बेन यिजू हा त्या पत्रांतला आपल्या ओळखीचा माणूस. अमिताव घोष यांच्या पुस्तकामुळे तो अनेकांना भेटला आहे. एडनहून मद्मून त्याला पत्र लिहितो. आधी आशीर्वाद, मग तुमचे पत्र पोचले ही पोच, मग मिरी, सुपारी आणि लोखंडाचा हिशेब, आणि शेवटी सोबत पाठवलेल्या भेटी, ज्यांत कोरा कागदही असे, कारण मंगळुरात तो मिळत नसे. मोडी पत्रे वाचलेल्या माणसाला हा घाट परका वाटणार नाही. आशीर्वाद किंवा दंडवत, 'येथील क्षेम', पत्राची पोच, आणि मगच मतलब. आजचे अरबी व्यापारी पत्रसुद्धा अभिवादनानंतर 'व बअद', म्हणजे 'यानंतर', लिहून मुद्द्यावर येते. आमच्या पत्रलेखनाच्या पाठात मी हा सांगाडाच आधी दिला, शब्द नंतर.

या मद्मूनचे पद होते 'वकील अत्-तुज्जार', व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी. मराठीत वकील आधी दरबारात राजदूत म्हणून आला आणि मग कोर्टात काळा कोट घालून उभा राहिला. अरबीत तो व्यापारातच राहिला. आज आखातात 'वकील' म्हणजे कंपनीचा एजंट. कोर्टातल्याला 'मुहामी' म्हणतात. 'जकात' आपल्याकडे नाक्यावर बसली, तिकडे ती धर्मादायच राहिली. 'वसूल'चे मूळ 'वुसूल' म्हणजे पोचणे, म्हणून विमानतळावर आगमनाच्या पाटीवर ते दिसते. 'नफा' म्हणजे नुसता उपयोग, खऱ्या नफ्याला 'रिब्ह'. आणि 'तहसील', जिथे आपण सातबारा काढायला जातो, ती तिकडच्या बँकेत बिलांची वसुली करते. शिवाजी महाराजांच्या राजव्यवहारकोशाने अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. कचेरीत काही रुजले. बाजाराने मात्र हिशेब, बाकी आणि दलाल सोडले नाहीत. मोल्सवर्थचा कोश उघडला तर अशा शब्दांपुढे अरबी उगमाची खूण भेटत राहते. आमच्या शब्दसूचीचा निम्मा कच्चा माल तिथूनच आला.

वर्गात अरबी सर्वांत लवकर कोणाला जमते, तर मदरशातून आलेल्या मुलांना, हे सांगायला नको. पण कारण व्याकरण एवढेच नाही. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने जो अभ्यासक्रम रूढ झाला, त्यात 'हिदाया' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ असतो. त्यात खरेदी-विक्री, गहाण, जामीनकी, हवाला, वकालत, भाड्याचा करार, भांडवल-भागीदारी यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. म्हणजे व्यापाराची परिभाषा भारतात अरबीतून सतत शिकवली गेली. फक्त तिच्याबरोबर बीजक कोणी दाखवले नाही. वाणिज्य शाखेचा मुलगा बीजक ओळखतो पण शब्द ओळखत नाही. दोघांना एका बाकावर बसवले की काम होते, आणि ऑनलाइन पाठात नेमका हा बाक नसतो. म्हणून आम्ही स्वाध्याय जोडीने करायचे ठेवले.

आकड्यांनी सर्वांत जास्त छळले. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे, पण त्यातला आकडा डावीकडून उजवीकडे वाचायचा. पडद्यावर टक्क्याचे चिन्ह, कंस आणि फोन नंबरातली आडवी रेघ कधी कुठे उडी मारतील सांगता येत नाही. युनिकोडचे यासाठी नियम आहेत, तरी बीजकाचा तक्ता दर वेळी तपासावाच लागतो. शिवाय आखातात ज्या आकड्यांत बीजक येते त्यांचे अरबी नाव आहे 'हिंदी आकडे'. विद्यार्थ्यांना हे सांगितले की वर्ग जरा ताठ बसतो.

राहिला क्रमाचा वाद. सगळी पुस्तके ओळखपाळखीने सुरू होतात: नाव काय, कॉफी घ्या. माझा आग्रह होता की नोकरीचा करारनामा आधी. संयुक्त अरब अमिरातीच्या १९८० च्या कामगार कायद्याने स्पष्टच म्हटले होते की करारात अरबीसोबत दुसरी भाषा असेल आणि दोन्हींत तफावत पडली, तर अरबी मजकूर ग्राह्य. तो कायदा आता बदलला आहे, पण तिथल्या बहुतेक न्यायालयांची भाषा अरबीच आहे. आमची मुले सही करतात ती इंग्रजी रकान्याखाली. शेजारच्या रकान्यात 'मुद्दत' आणि 'शर्त' असे शब्द असतात, त्यांच्याच आजीच्या बोलण्यातले. त्यातली 'शर्त' म्हणजे अट, आपली पैज नव्हे. दोन बैठका या वादात गेल्या. आता पहिला पाठ करारनाम्याचा आहे, आणि कॉफी चौथ्या पाठात.