जॉन बन्यनची कैफियत

देवळाच्या सभामंडपात कीर्तन ऐन रंगात आले आहे, उत्तररंगात बुवा कृष्ण आणि पेंद्या यांचा संवाद खुलवीत आहेत, अशा वेळी 'हा संवाद भागवतात कोठे आहे?' असे विचारावयास श्रोत्यांतून कोणी उठत नाही. पेंद्याचे नाव भागवतात नाही, हे बुवांनाही ठाऊक असते. कथा रचलेली असली तरी तीतून येणारा भाव खरा, एवढ्या समजुतीवर सारा मंडप तल्लीन होतो. या वळणात वाढलेल्या आपणांस, धार्मिक कल्पितकथा आत्म्याला तारक की मारक, असा वाद श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांनी शतकानुशतके घालावा याचे नवल वाटते. परंतु तो वाद पोकळ नव्हता. आणि त्याचे धागे साष्टी व बेळगाव येथवर आलेले आहेत.

या वादातील सर्वांत वाचनीय कैफियत एका भांडी सांधणाऱ्याने लिहिली. इंग्लंडातील बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी 1628 साली जन्मलेला जॉन बन्यन हा कडक प्युरिटन वळणाचा उपदेशक. बायबलातील एका दृष्टांतात एक श्रीमंत मनुष्य मरणोत्तर नरकात पडतो. या दृष्टांतावर बन्यनने 1658 मध्ये एक पुस्तक लिहिले, आणि त्या श्रीमंताच्या तोंडी असा पश्चात्ताप घातला की, जिवंतपणी मला शास्त्रवचनांपेक्षा पोवाडे, बातमीपत्रे आणि बेव्हिस नामक वीराच्या अद्भुत कथा यांचीच गोडी अधिक होती. म्हणजे कथेचा नाद हे नरकाच्या वाटेवरचे एक पाऊल! त्याच बन्यनने वीस वर्षांनी, 1678 मध्ये, 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' प्रसिद्ध केले. त्यात निराशा नावाचा राक्षस आहे, त्याचा संशयदुर्ग आहे, अपोल्योन या सैतानी जीवाशी घनघोर युद्ध आहे. बेव्हिसच्या कथेतील बराचसा सरंजाम देवाच्या कामाला जुंपलेला आहे, म्हणा ना!

आपल्यावर आक्षेप येणार हे तो जाणून होता. ग्रंथारंभीच त्याने एक पद्यमय समर्थन जोडले. हस्तलिखित मित्रांना दाखविले तेव्हा काहींनी 'छाप' म्हटले, काहींनी 'छापू नकोस' म्हटले, हे तो प्रांजळपणे सांगतो. आक्षेप असे : ग्रंथ अस्पष्ट आहे, कल्पित आहे, आणि रूपके मनुष्याला आंधळे करतात. यावर त्याची उत्तरे अस्सल खेडवळ आहेत. काळा ढगही पाऊस देतो. मासे धरणारा एकाच उपायावर थांबत नाही. परंतु त्याचा मुख्य आधार शास्त्राचा. संदेष्टे रूपकांनी बोलले, ख्रिस्त दृष्टांतांनी बोलला. मग मी का बोलू नये?

आम्ही वकील मंडळी दाखल्यांवर जगतो, म्हणून हा दाखला तपासून पाहावासा वाटतो. तो भक्कम दिसतो खरा, पण मुद्द्याला पुरता लागू पडत नाही. ख्रिस्ताने दृष्टांत सांगितले एवढ्यावरून ख्रिस्ताला ते सांगण्याचा अधिकार होता इतकेच सिद्ध होते. बेडफर्डच्या भांडी सांधणाऱ्यालाही तो होता, हे सिद्ध होत नाही. आक्षेपकांच्या मनातील खरा प्रश्न हाच असावा, असे मला वाटते. गोष्ट खोटी असणे हे निमित्त. गोष्ट रचण्याचा परवाना कोणी दिला, ही खरी फिर्याद. आणि परवान्याचा प्रश्न बन्यनला नवा नव्हता. अधिकृत परवान्यावाचून उपदेश केल्याबद्दलच 1660 मध्ये त्याला पकडले होते. त्याची पत्नी एलिझाबेथ 1661 मध्ये मॅथ्यू हेल या नामांकित न्यायाधीशासमोर गाऱ्हाणे घेऊन उभी राहिली. हेलने सहानुभूती दाखविली, सुटका मात्र झाली नाही. 'उपदेश करणार नाही' एवढे कबूल केले असते तर दरवाजा उघडला असता. ते त्याने केले नाही आणि सुमारे बारा वर्षे तुरुंगात काढली. कथेचा बराचसा भाग तेथेच लिहिला गेला, असे मानतात.

लोकांनी निकाल झटपट दिला. 1688 मध्ये बन्यन वारला तोवर पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या होत्या. पंडितांचे समाधान मात्र होईना. टी. एस. एवढीच आद्याक्षरे लावून एका गृहस्थाने 1682 च्या सुमारास स्वतःचाच 'दुसरा भाग' लिहून काढला. वाचकाला हसू येऊ नये ही त्याला मोठी काळजी! तो ग्रंथ आज कोणी वाचीत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात कादंबरीचा पूर आला तेव्हा इव्हँजेलिकल घरांतून ती जवळजवळ बहिष्कृतच होती. तथापि हॅना मोर या धर्मनिष्ठ बाईंनी 1808 मध्ये निनावी कादंबरी लिहिली, ती विषाने विष उतरविण्याच्या न्यायाने. 1816 मध्ये 'ख्रिश्चन ऑब्झर्व्हर' या धार्मिक मासिकात कादंबरीवाचनाची तरफदारी करणारे निनावी पत्र छापले गेले, तेव्हा एका वर्गणीदाराने तो अंक जाळून वर्गणी बंद केल्याचे कळविले. पत्र लिहिणारा होता संपादकाचाच जेमतेम सोळा वर्षांचा मुलगा, आणि बापाला त्याचा पत्ता नव्हता. हा मुलगा म्हणजे टॉमस मेकॉले. ज्या भारतीय दंड संहितेवर माझी निम्मी वकिली झाली, जी 2024 मध्ये रद्द होईपर्यंत आपल्या न्यायालयांत चालली, तिचा पहिला मसुदा याच्याच हाताखाली तयार झाला.

आता आपल्याकडे वळू. 1560 च्या दशकात साष्टीतील देवळे पाडली गेली. मंगेश आणि शांतादुर्गा यांना अंत्रुजात न्यावे लागले. देवळे गेली तशी पुराणेही गेली. 1579 मध्ये गोव्यात आलेले जेझुइट पाद्री टॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथातच असा प्रसंग रंगविला आहे की, एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या ठायी दुसरे काही का देत नाही? 1616 मध्ये छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. त्या ओवीचा गोडवा आपण मुक्तकंठाने मान्य करावा. परंतु ज्यांची पोथी हिसकावली गेली त्यांच्या वंशजांना तो गोडवा थोडा खारट लागला, तर त्यात त्यांचा दोष नाही. येथे ग्रंथाला परवाना होता. परवाना नव्हता तो श्रोत्यांच्या जुन्या कथेला.

बेळगावची गोष्ट निराळी. बन्यनचे पुस्तक हरि केशवजी यांनी 1841 मध्ये 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणले. पुढे 1857 मध्ये बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. ते जातीने कासार, 1854 मध्ये ख्रिस्ती झालेले. बन्यन भांडी सांधणारा आणि हे कासार, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो. या पुस्तकाला मराठीतील पहिली कादंबरी मानणारे पुष्कळ आहेत. परंतु त्याचे पूर्ण नाव पाहा : 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण'. कथा आहे हे नावात कबूल केलेले नाही, निरूपण म्हटले आहे! धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे. यमुना शेवटी ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. तो शेवट आमच्या आजोबांच्या पिढीला रुचला नाही, मलाही फारसा रुचत नाही. पण त्यातील विधवांची दुःखे आपल्याच माजघरातील होती. धर्मांतर बाजूला ठेवून ती दुःखे तेवढी मनात घेणारा वाचक निघाला, तर लेखकाला ते थोपविता येत नव्हते. कथेविषयी धर्माधिकाऱ्यांना जे भय वाटते ते याचेच, आणि ते भय साधार आहे.

म्हणूनच वाद मिटलेला नाही. 2007 मध्ये विल्यम पॉल यंग या लेखकाची 'द शॅक' ही कादंबरी निघाली. तीत एका दुःखी बापाला परमपिता कृष्णवर्णी स्त्रीच्या रूपात भेटतो आणि पवित्र आत्मा आशियाई स्त्रीच्या. तिचे नाव चक्क शरयू! यूजीन पीटरसन या नामवंत ख्रिस्ती लेखकाने तिची तुलना बन्यनच्या ग्रंथाशी केली, तर आल्बर्ट मोहलर या बॅप्टिस्ट धर्मपंडिताने तीत निखळ पाखंड पाहिले. प्रकाशकांनी नाकारली तेव्हा स्नेह्यांनी तिच्यासाठी छोटीशी प्रकाशनसंस्था काढली, आणि पुढे लाखो प्रती खपल्या. तत्पूर्वी यंग याने नाताळात आपली मुले व मित्र यांना देण्यापुरत्या पंधरा प्रती काढून घेतल्या होत्या. त्यासाठी कोणाची अनुमती विचारण्याचे त्याला कारणच पडले नव्हते.